पदवी मिळाली, विद्यापीठ बदलले; खेळाडूच्या पात्रतेचे काय?

भंडारा : बारावीनंतर कोठे प्रवेश घ्यावा, यावर घरात, नात्यागोत्यात आणि चौकातही चर्चा झडते. पदवीनंतरच्या प्रवेशाला हे भाग्य लाभत नाही. निकाल लागतो तेव्हा जिल्ह्यात रोवणीची धांदल असते. मित्राने ब्रह्मपुरीचा अर्ज भरला म्हणून आपणही भरायचा, मैत्रीण नागपुरात खोली घेऊन राहणार म्हणून आपणही नागपूर गाठायचे, अशा साध्या कारणांनी एम.ए., एम.कॉम. किंवा बी.पी.एड.चे महाविद्यालय ठरते. सामान्य विद्यार्थ्याचे यात फारसे बिघडत नाही. मात्र जो विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघातून फुटबॉल, कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळत आला आहे, त्याच्यासाठी हा प्रवेश म्हणजे संघ बदलणे असते. पुढची दोन-तीन वर्षे तो मैदानावर असेल की मैदानाबाहेर, हे त्या एका अर्जाने ठरून जाते. बहुतेकांना हे कळते ते संघनिवडीच्या दिवशी, आणि तोवर प्रवेशाची मुदत संपलेली असते.

विद्यापीठांच्या आपसातील क्रीडा स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या छत्राखाली होतात. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९७३ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. पुरुषांच्या आंतरविद्यापीठ फुटबॉलसाठी सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाची ढाल आहे, तर सर्व खेळांत मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जातो. हा चषक १९५६-५७ पासून सुरू आहे. भंडाऱ्यातील खेळाडू या स्पर्धांपर्यंत एका ठरलेल्या वाटेने पोहोचतो. आधी महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून विद्यापीठाच्या संघात निवड आणि नंतर पश्चिम विभागीय स्पर्धा. विद्यापीठाच्या संघात स्थान मिळाले की तो ‘कलर होल्डर’ होतो. नागपूर भागात या दोन शब्दांना अजूनही मान आहे.

नकाशा बदलला, संघ बदलले

या प्रश्नाचे मूळ भंडाऱ्याच्या बाबतीत नियमांच्या पुस्तकाइतकेच विद्यापीठांच्या नकाशात आहे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. पश्चिम विदर्भातील महाविद्यालयेही एकेकाळी त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. भंडाऱ्याचा पदवीधर शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी अमरावतीला गेला, तरी विद्यापीठ तेच राहत असे आणि जर्सीही तीच. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. पुढे २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चारच जिल्हे नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आहेत.

याचा अर्थ नकाशावर बोट ठेवून पाहावा. लाखांदूर तालुक्याच्या दक्षिणेला देसाईगंज, म्हणजे आपले वडसा. ते गडचिरोली जिल्ह्यात येते. पवनीच्या खालच्या अंगाला ब्रह्मपुरी, ते चंद्रपूर जिल्ह्यात. लाखांदूर आणि पवनीच्या अनेक गावांना बाजार, दवाखाना आणि शिक्षणासाठी भंडाऱ्यापेक्षा ही दोन गावे सोयीची पडतात. सोयरीकही तिकडचीच असते. व्यवहारात ही सीमा जाणवतही नाही. परंतु २०११ पासून ती विद्यापीठाची सीमा झाली आहे. लाखांदूरला बी.ए. करून एम.ए.साठी ब्रह्मपुरीला जाणारा विद्यार्थी बसचे जेमतेम तिकीट काढतो, पण खेळाडू म्हणून तो एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात स्थलांतरित झालेला असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ज्याला पदवीधर खेळाडूचे स्थलांतर म्हणतात आणि ज्यावर तेथे वर्तमानपत्रांची पानेच्या पाने भरतात, तेच हे. आपल्याकडे ते मुकाट्याने घडते, इतकाच फरक.

विद्यापीठाच्या विभाजनाने खेळाडूचे केवळ नुकसान झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात. पूर्वी पूर्व विदर्भातील सर्व जिल्ह्यांतून मिळून हे बारा निवडले जात, आता त्याच प्रदेशातून दोन विद्यापीठांचे दोन संघ उभे राहतात. म्हणजे बाराच्या जागी चोवीस जणांना संधी आहे. फुटबॉलमध्ये ही गोष्ट अधिक ठळक आहे. नागपूर आणि कामठी ही फुटबॉलची जुनी केंद्रे आहेत. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. अशा मैदानांवर लहानपणापासून क्लबचे सामने खेळलेल्या मुलांशी स्पर्धा करून नागपूर विद्यापीठाच्या संघात शिरणे तुमसर किंवा साकोलीच्या मुलाला सोपे नाही. तोच मुलगा पदव्युत्तर शिक्षणासाठी गोंडवाना विद्यापीठात गेला तर त्याचे गणित वेगळे असू शकते. कोणत्या संघात आपल्याला जागा आहे, हा विचार खेळाडूने केला तर त्यात गैर काही नाही. नोकरदार माणूस बढतीची शक्यता पाहून बदली मागतोच की!

पाच अटी

आंतरविद्यापीठ स्पर्धेत कोणी खेळावे, यासंबंधीचे नियम वरवर पाहता साधे आहेत. खेळाडू हा त्या विद्यापीठाचा नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा. त्याचा अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा आणि विद्यापीठाच्या परीक्षेचा असावा. पदवीच्या प्रवेशासाठी पात्र ठरवणारी परीक्षा, म्हणजे आपल्याकडे बारावी, उत्तीर्ण होऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. वय त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जुलै रोजी १७ ते २५ या मर्यादेत असावे. आणि एका शैक्षणिक वर्षात खेळाडूने एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावे.

पदवी पूर्ण करून दुसऱ्या विद्यापीठात नव्या अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश घेतलेला खेळाडू या पाचही अटींत बसत असेल, तर तो नव्या विद्यापीठाकडून खेळू शकतो. ज्या विद्यापीठाने त्याला ‘कलर’ दिला, त्याची त्यासाठी परवानगी लागत नाही. अभ्यासक्रम अर्धवट सोडून दुसरीकडे जाणे ही मात्र निराळी बाब आहे आणि अशा प्रकरणांकडे संशयाने पाहिले जाते. ते स्वाभाविकही आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला गोलरक्षक अचानक दुसऱ्या विद्यापीठात प्रकट झाला, तर त्याला तेथे इतिहासाची ओढ घेऊन गेली की गोलजाळीची, असा प्रश्न कोणीही विचारील. पदवीधराच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. त्याचे एक शिक्षण संपले आहे आणि दुसरे सुरू होत आहे. म्हणूनच पदवी हा खेळाडूसाठी विद्यापीठ बदलण्याचा सर्वात स्वच्छ टप्पा ठरतो.

अडचण येते ती या साध्या अटींचा हिशेब एकत्र मांडल्यावर. समजा, एखादी मुलगी अठराव्या वर्षी, २०१९ मध्ये बारावी उत्तीर्ण झाली. आठ वर्षांच्या अटीने तिला २०२७ पर्यंत वाव आहे. परंतु २०२६ मध्येच ती पंचविशीला पोहोचते. म्हणजे आठ वर्षांचा नियम लागू होण्याआधी वयाचा नियम तिला थांबवतो. सतराव्या वर्षी बारावी झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्ही मर्यादा जवळपास एकाच वेळी येतात. आठ वर्षांचा नियम ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, प्रत्यक्षात मात्र बहुतेकांचे दार वयच बंद करते. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांतही पूर्वी २८ वर्षांपर्यंतचे खेळाडू चालत. तेथेही ही मर्यादा आता २५ वर आली आहे.

सहा-सात वर्षे हा काळ ऐकायला मोठा वाटतो. आपल्याकडच्या मुलांची वाट मात्र सरळ नसते. तीन वर्षे बी.ए., मग पोलीस भरतीच्या तयारीत दोन वर्षे, भरतीत नाव लागले नाही म्हणून पुन्हा बी.पी.एड., हा क्रम जिल्ह्यात सर्रास आढळतो. भरतीच्या त्या दोन वर्षांत मुलगा रोज पहाटे मैदानावर धावत असतो, त्याचे शरीर उत्तम तयार झालेले असते, पण पात्रतेच्या वहीतून ती दोन वर्षे वजा झालेली असतात. ती परत मिळत नाहीत. भरतीची तयारी करताना एम.ए.ला नियमित प्रवेश घेतलेला असता तर तोच मुलगा विद्यापीठाकडून खेळू शकला असता. बहिःस्थ परीक्षा देऊन मात्र हा हेतू साधत नाही. कारण नियमाला पूर्णवेळ विद्यार्थी हवा आहे.

शारीरिक शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी आणखी एक बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. बी.पी.एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा होता, २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयाकडे विदर्भातील खेळाडूंचा ओढा पूर्वीपासून आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत शिकायला जाणारा भंडाऱ्याचा पदवीधर आता एका मोसमाऐवजी दोन मोसम अमरावतीचा खेळाडू असतो. वय साथ देत असेल तर ही मोठी संधी आहे.

गुरुजींनी लावलेली तारीख

वयाच्या अटीत १ जुलै ही तारीख आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रात या तारखेला वेगळाच अर्थ प्राप्त झाला आहे. घरी जन्मलेल्या मुलाची नेमकी तारीख आई-वडिलांना सांगता आली नाही, तर शाळेत नाव घालताना गुरुजी जून-जुलैमधील एखादी सोयीची तारीख टाकत. त्यामुळे आपल्याकडे जूनमध्ये जन्मलेल्यांची संख्या निसर्गाला न शोभेल इतकी मोठी आहे. आताच्या पिढीत रुग्णालयातील जन्म आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांमुळे हे प्रमाण घटले आहे, तरी ते पूर्णपणे संपलेले नाही. ज्याची तारीख जूनअखेरची आहे तो आणि ज्याची जुलैच्या पहिल्या आठवड्यातील आहे तो, यांच्या प्रत्यक्ष वयात चार-आठ दिवसांचे अंतर असते. पात्रतेत मात्र अख्ख्या एका मोसमाचे अंतर पडू शकते.

म्हणून ज्यांच्या दाखल्यावरील तारीख या सीमेवर आहे, त्यांनी पदव्युत्तर प्रवेशापूर्वीच आपला शेवटचा मोसम कोणता, हे त्या वर्षीच्या परिपत्रकावरून ताडून पाहावे. दाखल्यातील तारीख नंतर बदलून घेण्याचा मोह काहींना होतो. दहावीचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांत तफावत निघाली की खेळाडू आधी संशयित ठरतो आणि त्याची बाजू कोणी ऐकली तर नंतर ऐकतो. हा मार्ग न धरलेलाच बरा.

कागदांची साखळी

नियमांपेक्षा अधिक खेळाडू अडतात ते कागदांवर. नागपूर विद्यापीठातून गोंडवाना किंवा अमरावती विद्यापीठात जाणाऱ्याला महाविद्यालय सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., लागतो. विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. ते दिल्यावर नवे विद्यापीठ त्याची पात्रता तपासते आणि नामांकन करते. मध्ये शिक्षणात खंड पडला असेल तर त्याबाबतचे शपथपत्र द्यावे लागते. ही साखळी पूर्ण होईपर्यंत प्रवेश हा तात्पुरताच असतो. खेळाच्या नियमांना तात्पुरता प्रवेश चालत नाही, तो कायम झालेला असावा लागतो.

आता दिनदर्शिका पाहू. उन्हाळी परीक्षांचे निकाल लांबले की पदव्युत्तर प्रवेश लांबतात. प्रवेश लांबले की स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज लांबतो. दरम्यान आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक जाहीर झालेले असते, आणि त्याला कोणाच्या निकालाशी कर्तव्य नसते. खेळाडूचा पात्रता अर्ज महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक भरतात, प्राचार्य त्यावर स्वाक्षरी करतात आणि तो विद्यापीठाकडे जातो. त्यावर नामांकन क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तर पुढचे सारे अडते. धान कापणीच्या दिवसांत बापाला हाताशी मुलगा हवा असतो, आणि त्याच दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर रांग लावायची असते. भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयातील असो की साकोलीच्या मनोहरभाई पटेल महाविद्यालयातील, पदवीधर खेळाडूने स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच केला तर यातील निम्मा त्रास वाचतो. प्रवेश निश्चित नसला तरी हा अर्ज करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

एका वर्षात एकच विद्यापीठ, ही अटही येथे आडवी येते. आधी नागपूरला प्रवेश घेतला, तेथे विद्यापीठाच्या संघातून खेळला आणि मग दुसऱ्या यादीत अमरावतीला नाव लागले म्हणून तिकडे गेला, तर ते वर्ष नव्या विद्यापीठाच्या जर्सीविना काढावे लागेल. प्रवेशाच्या याद्या सुरू असताना कोणत्या संघातून मैदानात उतरायचे, याचा निर्णय म्हणूनच घाईने घेऊ नये.

दुसरे एम.ए. आणि तिसरेही

इतके कडक नियम मुळात का आले, याचे उत्तर महाविद्यालयांच्या जुन्या सवयींत आहे. उत्तम चढाईपटू पदवीनंतर जाऊ नये म्हणून त्याला एम.ए.ला घ्यायचे. मराठीत एम.ए. झाले की समाजशास्त्रात, तेही झाले की राज्यशास्त्रात. तो वर्गात कोणालाच दिसत नसे, मैदानावर मात्र सर्वांना दिसे. अशा खेळाडूंना मैदानाबाहेरची मंडळी ‘कायमस्वरूपी विद्यार्थी’ म्हणत. त्यांच्यामुळे ढाली मिळत, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या नव्या मुलाला तीन-तीन वर्षे राखीव बाकावर काढावी लागत. आठ वर्षांची आणि वयाची मर्यादा ही या प्रकारावरील तोड होय.

ही मर्यादा न्याय्य आहे, असेच म्हणावे लागेल. विद्यापीठाचा संघ ही विद्यार्थ्यांची जागा आहे. तरीही एक खंत राहते. ज्या मुलाने घरच्या अडचणीमुळे दोन वर्षे शिक्षण सोडून मजुरी केली आणि पुन्हा वर्गात आला, त्यालाही हाच नियम लागतो आणि ज्याने ढालीसाठी तीन एम.ए. केले त्यालाही हाच. नियमाला हेतू ओळखता येत नाही. अमेरिकेत अशा प्रकरणी खेळाडूला सवलतीसाठी अर्ज करण्याची रूढ सोय आहे. आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालकांच्या खोलीत हळहळ व्यक्त होते आणि विषय संपतो.

तिकडे परवानगीचा वाद, येथे कागदाचा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन तो खेळला जातो. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा दीर्घकाळ असा दंडक होता की, खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चारच मोसम खेळता येतील आणि विद्यापीठ बदलले तर एक वर्ष बाहेर बसावे लागेल. २००६ मध्ये संघटनेने पदवीधरांसाठी हे बाहेर बसणे रद्द केले. युटाह विद्यापीठातून पदवी घेतलेला रायन स्मिथ त्याच वर्षी फ्लोरिडाकडून खेळला आणि फ्लोरिडाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. सदस्य विद्यापीठांना हे रुचले नाही. दुसऱ्याचा तयार खेळाडू आयता पळवण्याचा हा परवाना आहे, अशी ओरड झाली आणि जानेवारी २००७ मध्ये तो नियम मागे घेण्यात आला. तरीही पदवीधरांसाठी सवलतीची वाट किलकिली राहिली. रसेल विल्सन २०११ मध्ये याच वाटेने नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधून विस्कॉन्सिनला गेला. जो बरो याने ओहायो स्टेटमधून पदवी घेऊन २०१८ मध्ये लुइझियाना स्टेट गाठले आणि २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन चषक जिंकला. पहिल्या विद्यापीठात तो बहुतांशी राखीव बाकावर बसला होता, हे येथे विशेष.

नंतरची पावले वेगाने पडली. २०१८ मध्ये स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांची संगणकीय नोंदवही सुरू झाली आणि प्रशिक्षकाच्या परवानगीची गरज संपली. २०२१ मध्ये प्रत्येकाला एकदा बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. न्यायालयात दावे झाल्यावर, २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा जाता येईल, असे ठरले. दरम्यान २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसा कमावण्याची, तर २०२५ पासून थेट विद्यापीठाकडून उत्पन्नाचा वाटा घेण्याची वाट खुली झाली. आज तेथील पदवीधर खेळाडू व्यावसायिकाप्रमाणे भाव ठरवून संघ निवडतो.

भंडाऱ्याच्या खेळाडूला यातून काय घ्यायचे? अमेरिकेत दोन दशके वाद चालला तो कोणाच्या परवानगीने जायचे, याचा. आपल्याकडे ती परवानगी मागावीच लागत नाही. आपला पदवीधर त्या अर्थाने २००६ च्या अमेरिकन खेळाडूहून मोकळा आहे. मात्र अमेरिकन खेळाडूच्या मागे त्याच्या पात्रतेचा दिवसन्‌ दिवस मोजणारे कार्यालय असते. आपल्या मुलाच्या मागे एक शारीरिक शिक्षण संचालक असतात, त्यांच्याकडे सगळ्या खेळांचे संघ असतात आणि ते पदही अनेक महाविद्यालयांत रिक्त असते. मोकळीक आहे, पण ती कशी वापरायची, हे सांगणारा कोणी नाही.

पैशाचे वारे आपल्याकडेही पोहोचू लागले आहे. उत्तरेकडील खासगी विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना शुल्कमाफी, निवास आणि आहार देऊन बोलावतात. २०२४ चा मौलाना आझाद चषक चंडीगड विद्यापीठाने पटकावला, तोही एका खासगी विद्यापीठाने, यात सर्व काही आले. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झाल्यापासून ही चढाओढ वाढली आहे. विदर्भातील गुणी पदवीधराला असे बोलावणे आले तर त्याने हुरळून जाण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. सवलत अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांसाठी आहे की संघात असेपर्यंतच आहे, आणि दुखापत झाल्यास तिचे काय होणार. आणि आपले वय किती मोसम देते, हेही मोजावे. एकाच मोसमासाठी घरापासून हजार किलोमीटर जाणे काहींना परवडेल, सर्वांना नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हिशेबात आणखी एक भर पडली आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्याला पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षात पूर्ण करता येईल. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, बेरीज पाचच. परंतु पहिल्या प्रकारात खेळाडूला तीन वर्षांनी विद्यापीठ बदलण्याची संधी मिळते, दुसऱ्या प्रकारात चार वर्षांनी, आणि नव्या विद्यापीठाकडे त्याचा एकच मोसम उरतो. ज्याला आपल्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळालेली आहे, त्याने चौथे वर्ष तेथेच काढावे. ज्याला ती मिळत नाही, त्याला तीन वर्षांनी बाहेर पडणे अधिक लाभाचे.

या साऱ्या खटाटोपाचे मोल केवळ पदकापुरते नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याची सुधारित कार्यपद्धती १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने घालून दिली आहे. कोणत्या स्पर्धेचे कोणते स्थान कोणत्या गटातील पदासाठी चालते, हे त्यात आणि त्यानंतरच्या सुधारणांत पाहता येते. अर्जापूर्वी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. त्या वेळी खेळाडू खरोखर त्या वर्षी त्या विद्यापीठाचा विद्यार्थी होता का, हे जुन्या नोंदींवरून तपासले जाते. ज्याने विद्यापीठ बदलले, त्याच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरलेल्या असतात. प्रवेशाची पावती, नामांकन क्रमांक, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता अर्ज आणि संघाची अधिकृत यादी यांच्या प्रती खेळाडूने त्या त्या वर्षीच मागून घेऊन घरी ठेवाव्यात. पाच-सहा वर्षांनी महाविद्यालयात गेल्यावर ते संचालक सेवानिवृत्त झालेले असतात आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, येथून चौकशी सुरू होते.